पट्टेवाल्यांची गावपळण

"सुनीती, पेंड कालवलीस काय गो?"

गोठ्यातून आईची हाक यायची, आणि परकरातली सुनीती खोबऱ्याच्या पेंडीचा डबा पोटाशी धरून धावायची. गाय नुकती व्यालेली असली की आई दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. कोमट पाणी, पेंड, मूठभर गूळ, चिमूटभर मीठ. कोपरापर्यंत हात बुडवून ती ढवळायची आणि ढवळण्याच्या लयीतच गुणगुणायची,

गाईच्या मुखी घास, घास उतरे दुधात
दूध उतरे बाळात, बाळ निघाले गावाला

"खंयच्या गावाक गो आई?" सुनीती विचारायची.

"लांबच्या," आई म्हणायची आणि घमेलं गायीपुढे सरकवायची.

आई गेली, तिच्यामागून गायही गेली. गोठ्याला धाकट्या भावानं, केयूरनं फरशी घातली, ट्यूबलाइट लावली, भिंतीलगत काचेच्या टाक्या मांडल्या. गव्हाणीच्या जागी आता मोठाल्या प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या टांगलेल्या आहेत, तळ कापलेल्या, बूच खाली. त्यांत मिठाचं पाणी अखंड बुडबुडत असतं. सुनीती अजून त्याच जागी उभी राहून कालवते. पेंडीऐवजी माशाचं तेल, अंड्याचा बलक, थोडं यीस्ट आणि शेवाळाची हिरवी पूड. मिक्सरमधून फिरवलं की दुधासारखं काहीतरी होतं, फिकट हिरवं, माशाच्या उग्र वासाचं. तो वास तिच्या बोटांतून आंघोळीनंही जात नाही.

हे दूध माशांसाठी नव्हे. माशांच्या अन्नासाठी.

मासे म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, हौशी लोकांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या पेट्यांत जाणारे. गावात त्यांना पट्टेवाले म्हणत. त्यांची पिल्लं हलतं-जिवंत अन्नच खातात, म्हणून आर्टेमिया लागतो: मिठागरात वाढणारा, कोळंबीच्या कुळातला, डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव. त्याची अंडी डब्यातून येतात, तपकिरी बारीक रव्यासारखी. कोरडी असतात तोवर वर्षानुवर्षं झोपून राहतात. मिठाच्या पाण्यात पडली, खालून हवा मिळाली, की दुसऱ्या दिवशी बाटलीत नारिंगी धुकं तरंगायला लागतं.

पण नुसता आर्टेमिया म्हणजे रिकामी पिशवी. तो खाऊन पिल्लांची पोटं टम्म दिसतात आणि आत काही भरत नाही. अशी पिल्लं पोहतात, वाढतात, बघणारा म्हणतो छान आहेत. मग एक दिवस त्यांना दुसरीकडे हलवायला जाळी लावावी, तर जाळीच्या नुसत्या स्पर्शानं आडवी होतात. आजार नाही, जखम नाही. एवढासा धक्का सोसायला आत काही नसतं, इतकंच.

म्हणून आर्टेमियालाच आधी जेवू घालायचं. तेही जन्मल्या जन्मल्या नाही, कारण तेव्हा त्याला तोंडच फुटलेलं नसतं. एक कात टाकली की तोंड उघडतं, मग समोर येईल ते गिळत सुटतो. चव नाही, निवड नाही. पेल्यात घेऊन उजेडाला धरलं की त्याच्या पारदर्शक अंगातून हिरवी रेघ दिसते. रेघ दिसली की गाळायचं, अंगावरचं तेल धुवायचं आणि तडक टाक्यांत सोडायचं. थांबलं तर पोटातलं तो स्वतःच जाळून टाकतो आणि होता तसा रिकामा होतो. रोज नवी अंडी, रोज नवं दूध. या कामाला रविवार नव्हता, सण नव्हता, अंगात ताप आहे म्हणून सुट्टी नव्हती.

लॉकडाउनमध्ये केयूर घरी आला तेव्हा त्यानं हे सुरू केलं. हुशार, हौशी, हाती घेतलं की वेड लागल्यासारखा करणारा. कंपनीनं पुन्हा पुण्याला बोलावलं तेव्हा टाक्यांत पहिली पिल्लं नुकती पोहत होती, आणि बाबांची उजवी बाजू नुकती लुळी पडली होती. ओसरीवर बसून केयूर लहान मुलासारखा रडला. "ताई, थोडे दिवस बघशील?" त्यानं विचारलं. सुनीती म्हणाली, "मीठ कुठून मागवतोस तेवढं सांगून ठेव."

ती अशीच बोलायची. मनातलं विचारलं की कामातलं उत्तर द्यायची.

थोडे दिवस संपले नाहीत. केयूर दर सुट्टीला यायचा, टाक्यांचे फोटो काढायचा, नवे पंप लावून जायचा. बाबा काठी धरून ओसरीपर्यंत चालायला लागले. सुनीतीच्या डोक्यावर आधी कानाशी, मग भांगात पांढरं दिसायला लागलं. तिला एक थकवा चिकटला होता, जो झोपून उठल्यावरही उशाशी तसाच बसलेला असायचा.

मार्गशीर्षात देवळात कौल झाला. गाव पळणार.

गावपळण म्हणजे गाव रिकामा करायचा. काही वर्षांनी एकदा देव सांगतो तेव्हा तीन दिवस, तीन रात्री गावच्या शिवेच्या आत जिवंत असं काही ठेवायचं नाही. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी खाडीपलीकडे जायचं, माडाच्या चुडतांच्या झोपड्या घालून राहायचं. घरांना कुलपं, चुली थंड, देवापुढंही दिवा नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, देवानं ये म्हटलं की परत.

देवळातल्या बैठकीला बाबा खुर्चीत बसून गेले होते. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे अडलेला प्रश्न गाव अजून त्यांच्यापुढेच टाकायचा.

"मास्तर, तुमचे मासे जिते," मानकऱ्यांनी सुरुवात केली. "ते भायर काढूकच होये. पण त्या डब्यातली अंडी? ती जिती काय मेली?"

"जिवंत नाहीत, मेलेलीही नाहीत," बाबा म्हणाले. "झोपलेली आहेत."

"झोपलेली म्हणजे जितीच. माझो झील जेवणवेळेपर्यंत झोपता. म्हणान तेका काय घरातच ठेवन जावचो?"

देऊळभर हसू पिकलं. अंड्यांचा डबाही पळणार असं ठरलं.

संध्याकाळी केयूरचा फोन आला. सुनीतीनं तो बाबांच्या खाटेवर मोठ्या आवाजात लावून ठेवला आणि स्वतः गाळणं धुवायला बसली.

"ताई, मी काय म्हणतो, टाक्या घरीच राहू देत ना. तीन दिवस इन्व्हर्टरवर पंप चालतील. कोण बघायला येतंय?"

"वाडीतली शेवंती आपली एकुलती एक शेळी घेऊन जाणार," बाबा म्हणाले, "आणि मी मास्तर, घरात मासे लपवून जाऊ? गाव रिकामा म्हणजे रिकामा. देवाचं सोड, मला तिच्या शेळीपुढे मान वर करता यायची नाही."

"बरं, बरं. मी येतो मग. रजा टाकतो. आणि ताई ऐक, या खेपेची पिल्लं घ्यायला धनेश येणारच होता, पणजीहून. त्याला तिकडेच बोलावतो, झोपडीवर. पिल्लं हलवूनही टिकली हे त्यानं बघितलं ना, की मी त्याला शब्द देणार. टाक्या दुप्पट. दर महिन्याला माल. काय वाटतं तुला?"

सुनीतीच्या हातात गाळण्याचं कापड होतं. तिनं ते पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. मनात शब्द तयार होता, दोन अक्षरांचा.

"येताना बारीक जाळी घेऊन ये," ती म्हणाली. "इथली फाटलीय."

"झक्कास!" केयूर म्हणाला.

त्या दिवसापासून तिच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली. धनेशला शब्द जायच्या आत केयूरला नको म्हणायचं. एकदा शब्द गेला की केयूर तो मोडायचा नाही, आणि मग हाच गोठा, याच बाटल्या, हाच वास, पार म्हातारपणापर्यंत. फोनवर नको, तो आला की समोर बसवून सांगू. तोवर पिल्लं मरता कामा नयेत. त्यांचा बिचाऱ्यांचा यात काय दोष?

मग ती दूध जरा दाट करायला लागली. गाळण्याआधी दोनदा पाजायला लागली. जाळी, बालदी, टेम्पोचे हादरे, खाडीपलीकडचं परकं ऊन, एवढं सगळं पिल्लांना सोसायचं होतं. तिनं त्यांच्यासाठी आर्टेमियाच्या पोटात जितकं कोंबता येईल तितकं कोंबलं. पेला उजेडाला धरून ती रोज हिरवी रेघ बघायची. कधी कधी बघता बघता उभ्यानंच तिचे डोळे मिटायचे.

समुद्राचं पाणी आणणारा गुरुदास टेम्पोतून टिपं, म्हणजे प्लास्टिकची मोठी पिंपं, उतरवता उतरवता दारातून ओरडायचा, "ताय, तुझे पट्टेवाले कायम झाले काय गो? पेन्शन बसली काय?"

"त्यांची बसली. माझी राहिलीय."

"तुका खंयची पेन्शन? तुका बढती. आता दुप्पट टिपां हाडूची आसत म्हणान केयूर सांगी होतो."

सुनीतीनं त्याच्याकडे बघितलं. म्हणजे गुरुदासपर्यंत पोचलं होतं.

गाव पळायच्या आदल्या दिवशी केयूर आला. पिशवीत बारीक जाळी, बॅटरीवर चालणारे पंप, बाबांसाठी मऊ चपला. आल्या आल्या त्यानं बाह्या सरसावल्या. "ताई, तू आता बसायचं. आजचं सगळं मी करणार. मीच शिकवलं ना तुला?"

सुनीती खरंच बसली. ओसरीच्या खांबाला पाठ टेकली तेवढ्यात तिला गाढ झोप लागली. जाग आली ती दुपार उलटल्यावर, वासानं. सकाळीच फुटलेल्या, अजून तोंड न उघडलेल्या आर्टेमियाच्या बाटलीत केयूरनं दुधाचं अख्खं भांडं ओतलं होतं. खाणारं कुणी नाही. दूध तसंच फिरत राहिलं, नासलं, वर फेस धरला. नारिंगी धुकं तळाशी बसून करडं पडलं होतं.

"अगं, मला वाटलं जितक्या लवकर द्यावं तितकं चांगलं," केयूर ओशाळून म्हणाला. "विसरलोच होतो. उठवायचंस ना मला ओरडून."

ती झोपली होती आणि तो जागा होता, हे दोघांच्याही लक्षात आलं. केयूर हसला. ती हसली नाही, रागावलीही नाही. बाटली काढली, बाहेर माडाच्या मुळाशी ओतली, घासली. डब्यातून चमचाभर अंडी मोजून नव्या पाण्यात टाकली. आता बोलायचं होतं. तो समोर उभा होता, ओशाळलेला, हातात ओला टॉवेल. बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

"टॉवेल वाळत घाल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाव निघाला. धुकं खाडीवर पसरलेलं होतं. डोक्यावर गाठोडी, डालीत कोंबड्या, दाव्याला गुरं. म्हाताऱ्या माणसांना पोरांनी पाठुंगळी घेतलं होतं. गुरुदासच्या टेम्पोत निळी टिपं रचली, टिपांत पट्टेवाले. पिल्लांची वेगळी, नर-माद्यांच्या जोड्यांची वेगळी. एका जोडीनं खापरीवर अंडी घातली होती. ती खापरी बालदीत ठेवली तरी नर तिच्यावरून हलेना, परांनी वारा घालत राहिला. टिपांच्या मधोमध बाबांची खुर्ची. त्यांच्या मांडीवर पंपाची बॅटरी, डाव्या हातात अंड्यांचा डबा.

"मास्तर, वरात खंय चालली?" रस्त्यातून कुणीतरी हाक मारली.

"सासरी," बाबा ओरडले. "चौथ्या दिवशी माहेरी!"

खाडीपलीकडे माळावर झोपड्यांची रांग लागली. सुनीतीच्या शेजारी शेवंतीकाकीची झोपडी. टिपांमागून टिपं उतरताना शेवंतीकाकी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय गो सुनीती, तू गाव सोडून इलंस की गोठोच डोक्यार घेवन इलंस?"

सगळ्या बायका हसल्या. सुनीतीही हसली आणि टिपाचं झाकण बाजूला सरकवलं. एकही पिल्लू आडवं झालं नव्हतं.

गावपळण म्हटली तर देवाची आज्ञा, पण खरं सांगायचं तर ती गावाची विश्रांती होती. घरात असताना हजार कामं दिसतात. माळावर ना जमीन सारवायची, ना परसू झाडायचं. ओहोटीला पोरं खाडीत उतरून टोपलीभर तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायची. तीन दगडांच्या चुलीवर त्यांचं कालवण रटरटायचं. पुरुष पत्ते कुटायचे, उताणे पडून आभाळ बघायचे. ऊन कललं की भजनाला टाळ निघायचे. बारा महिने शेजाऱ्याशी बांधावरून भांडणारा माणूस इथं त्याच शेजाऱ्याच्या चुलीवरून चहा घ्यायचा. केयूर तर पहिल्या दिवशीच विरघळला. कुणाच्या पखवाजावर थाप मारून बघ, कुणाच्या होडीत बसून ये. "ताई, आयुष्य असं पाहिजे!" येता-जाता तो म्हणायचा.

सुनीतीच्या झोपडीत पंप घरघरत होते. इथं घरच्यासारखा फ्रीज नव्हता; सोडून उरलेल्या आर्टेमियानं पोटातलं जाळू नये म्हणून त्याला गार ठेवायला थर्माकोलचा खोका. "सुरमयेक ठेवललो बरफ तुझ्या किड्यांका घालतंय," म्हणत गुरुदास सकाळ-संध्याकाळ त्यात बर्फ टाकून जायचा. मिक्सर नव्हता, म्हणून तेल आणि बलक तिला हातानं घुसळावं लागे, बाटलीत घालून, खांद्यापर्यंत हात भरून येईस्तोवर. पिल्लांचं पाणी बदल, बॅटरी बघ, दूध पाज, गाळ, धू, सोड. सोडून होईपर्यंत पुढच्या बाटलीची वेळ.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर बायकांनी फेर धरला. एकेकाळी सुनीतीशिवाय या गावात फेर उभा राहत नसे. गाणी तिला आईकडून आली होती. नागपंचमीला, गौरींना घरोघरची बोलावणी असायची. बाटल्यांच्या वेळा लागल्यापासून ती जाईनाशी झाली, मग बायकाही बोलावीनाशा झाल्या.

"ये गो," शेवंतीकाकीनं आज हाक मारली. "तुझ्या आवशीचां तां गायीचां गाणां तुकाच येता. आमका कोणाक पुरां येणा नाय."

"येतंय काकी. एवढां गाळतंय नि येतंय."

कापडावर आर्टेमिया जमला, ओल्या केशरासारखा. वरून पाण्याची धार धरत ती पुटपुटायला लागली. गाईच्या मुखी घास. दूध उतरे बाळात. बाळ निघालं गावाला, आणि पुढं? पुढं आई आणखी दोन ओळी म्हणायची. बाळ गावाला पोचतं, तिथं त्याला कुणी काहीतरी विचारतं. काय विचारतं? सुनीतीनं डोळे मिटले. आईचा हात दिसला, कोपरापर्यंत पेंडीत बुडालेला. ओठ हलताना दिसले. शब्द आले नाहीत. धार तशीच सुरू राहिली आणि अर्धा आर्टेमिया कापडाच्या कडेवरून मातीत गेला.

बाहेर फेर तिच्यावाचून उभा राहिला. बायका दुसरंच काही म्हणत होत्या, हल्लीचं, टाळ्यांचं.

बाबा झोपडीच्या दारात खुर्चीवर बसून होते. त्यांनी मातीत सांडलेलं बघितलं.

"सुनीती, बस जरा."

"बसते बाबा. एवढं झालं की."

"तुला हे आवडतं का गं?" त्यांनी एकदम विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिनं मातीत सांडलेलं नारिंगी बोटानं गोळा करायचा प्रयत्न केला. ते गोळा होण्यासारखं नव्हतं.

"पिल्लं गोड असतात," ती म्हणाली. "तुमच्या गोळीची वेळ झाली."

बाबांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. आणखी काहीतरी म्हणणार होते, पण तेवढ्यात केयूर पोरांच्या घोळक्यातून हसत हसत आला, आणि ते राहून गेलं.

आपण नेमकं कशाचं दमतो, असा विचार त्या संध्याकाळी तिच्या मनात आला. टिपं उचलण्याचं नव्हे. हात दुखतात, तेल चोळलं की थांबतात. आपण आर्टेमियासारखे झालोय, तिला वाटलं. कुणीतरी काहीतरी आपल्यात भरतं, आपण ते नेऊन दुसऱ्याला पोचवतो. केयूरची हौस बाजारापर्यंत पोचवतो, बाबांचा धीर केयूरपर्यंत, केयूरची काळजी बाबांपर्यंत. पोचवून झालं की आपल्याकडे काय राहिलं हे बघायला कुणी पेला उजेडाला धरत नाही. मग तिला स्वतःचंच हसू आलं. किड्याशी काय बरोबरी करायची? ती उठून बॅटरी बघायला गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी धनेश आला. तिशीचा, बारीक, पायांत सँडल, बोलायला नम्र. येताना बाबांसाठी केळी घेऊन आला होता. तो टिपांभोवती फिरला, वाकून बघितलं. त्याच्यामागं केयूर, केयूरमागं गुरुदास, आणि काय चाललंय बघायला आलेलं निम्मं गाव.

"दिसायला सुंदर आहेत," धनेश म्हणाला. "पण दिसण्यावर मी एकदा फसलोय. पोटं भरलेली, रंग छान, आणि दुकानात नेऊन सोडली तर निम्मी आडवी. जाळी लावून बघू?"

"बिनधास्त," केयूर म्हणाला, पण त्याचा आवाज जरासा चिरकला.

धनेशनं बारीक जाळी घातली. सहज, हळू, आणि मग मुद्दाम जरा झटक्यानं. पाच-सहा पिल्लं वर आली, उन्हात लखलखली, जाळीत तडफडली. त्यानं ती दुसऱ्या बालदीत सोडली आणि घड्याळ न बघता नुसता उकिडवा बसून राहिला. सगळे बसून राहिले. पिल्लं क्षणभर तळाशी गेली. मग एक उठलं, दुसरं उठलं, सगळी बालदीभर फिरायला लागली. सुनीतीनं थर्माकोलच्या खोक्यातून चमचाभर आर्टेमिया आणून सोडला, तर त्यांनी झडप घातली.

"बापरे," धनेश म्हणाला. "तीन दिवस माळावर राहून हे? यांना खाऊ कोण घालतं?"

"आमची ताई!" केयूरनं तिच्या खांद्याला मिठी घातली. त्याचे डोळे भरून आले होते, खरंच. "एकही नाही गेलं ताई, एकसुद्धा! बाबा, बघितलंत?"

"पट्टेवाले पास!" गुरुदास ओरडला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

सुनीतीला आनंद झाला. तो खोटा नव्हता. पिल्लं उठताना तिचाही श्वास अडकला होता. आणि त्याच श्वासाबरोबर तिला कळलं की आपण दार आपल्याच हातानं लावून घेतलं. दोन-चार मेली असती तर गोष्ट तिथंच थांबली असती.

"मग ठरवू या," धनेश हात पुसत म्हणाला. "दुप्पट टाक्या, दर महिन्याला माल. मी बाहेर कुणाकडून घेणार नाही, तुम्ही बाहेर कुणाला द्यायचा नाही. पण काम यांचं आहे, तेव्हा यांनाच विचारतो. ताई, जमेल ना तुम्हाला?"

"ताईला काय विचारता?" केयूर हसला. "ताई आजवर कशालाच नाही म्हणाली नाही."

धनेशनं पुढं केलेला हात तसाच होता. केयूरचा हात त्याच्याकडे निघाला होता.

सुनीती म्हणाली, "बर्फ संपत आला..." आणि थांबली.

गुरुदास खोक्याकडे वळला. खोक्यात बर्फ होता. चांगला अर्धा खोका. त्यानं गोंधळून तिच्याकडे बघितलं.

"काय गं?" केयूर म्हणाला.

ती टिपाच्या कडेला धरून खाली बसली, मातीतच, साडीचा विचार न करता. कुणीतरी पाणी आणायला धावलं. शेवंतीकाकी पुढं आली आणि तिनं गर्दीला हातानं मागं सारलं. बाबांनी काठी टेकून खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला.

"ताई, चक्कर आली का? झोपतेस जरा? मी बघतो सगळं, तू..."

"केयूर, नको."

"काय नको? पाणी?"

"हे. हे सगळं." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, लहान पण न हलणारा. "दुप्पट नकोच. आहेत तेवढेही नकोत. धनेशभाऊ, तुमच्यावर राग नाही, तुम्ही निदान विचारलंत. केयूर, मला हे कधीच नको होतं रे. सुरुवातीपासून. तू पुण्याला निघालास तेव्हा बाबा खाटेवर होते, तू ओसरीवर रडत होतास, तुला काय सांगणार? म्हणून मिठाचं विचारलं. मग रोज काहीतरी विचारत राहिले. तुझा दोष नाही, मी तुला कळूच दिलं नाही. पण मी दमलेय. इतकी दमलेय की आईचं गाणं विसरलेय. ही पिल्लं ह्यांना दे, जोड्या विक, पुण्याला ने, काय करायचं ते कर. उद्या कौल झाला की मी बाबांचा हात धरून घरी जाणार आहे. दुसरं काही उचलणार नाही."